आठवडी बाजार गावाबाहेर नेऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या गावचा आठवडी बाजार बसस्थानकाजवळच्या जुन्या जागेवरून उठवून वळणरस्त्याच्या कडेला नेण्याचे घाटत आहे. मुख्य रस्त्यावरील वाहतूक कोंडी हे त्याचे कारण सांगितले जाते. कोंडी होते, हे खरे आहे. परंतु बाजार हलविल्याने कोणाचे काय बुडेल, याचा विचार या चर्चेत कुठेही दिसत नाही.

मराठवाड्यातील अनेक गावांत शेतमजुरीचा आठवड्याचा हिशेब आजही बाजाराच्या दिवशीच चुकता होतो. मजूर बाई एसटीने येते, सोबत आणलेली गवार, शेवगा किंवा पायलीभर मूग विकते आणि त्याच फेरीत तेल-मीठ, दवाखाना, बँक, तहसील असे सगळे उरकून संध्याकाळच्या गाडीने परतते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीचे तिकीट निम्म्या दरात मिळू लागल्याने आसपासच्या वाड्या-तांड्यांवरील बायकांना हे येणे परवडते. बाजार बसस्थानकापासून लांब गेला, तर तिकिटात वाचलेला पैसा रिक्षात जाईल, आणि ज्या बाईच्या पाटीत शंभर-दीडशे रुपयांचाच माल असतो, ती मग तो बांधावरच व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देऊन मोकळी होईल. मी स्वतः किराणा दुकानदार आहे. माझी निम्मी उधारी बाजाराच्या दिवशीच वसूल होते. त्यामुळे यात माझेही हित आहे, ते मी लपवीत नाही.

पथविक्रेता अधिनियम, २०१४ या केंद्रीय कायद्यानुसार पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेला बाजार वारसा बाजार म्हणून घोषित करावयाचा असतो आणि तेथील विक्रेत्यांना हलविता येत नाही. आमचा बाजार निजामी राजवटीपासून याच जागी भरतो, असे जुनी माणसे सांगतात. शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांतील एक तृतीयांश महिला असाव्यात, असेही हाच कायदा सांगतो. आमच्याकडे अशी समिती बसल्याचे एकाही पालवाल्याला ठाऊक नाही.

जनावरांच्या बाजाराची गोष्ट वेगळी आहे. देवणी आणि लाल कंधारी या जातींच्या जनावरांना मोकळे मैदान, पाण्याचे हौद आणि टेम्पो उभे करण्यास जागा लागते. तो बाजार खुशाल बाहेर न्यावा. भाजी, भुसार, सुकट-बोंबील, कटलरी आणि बुरुडाच्या टोपल्या मात्र वस्तीतच राहाव्यात. त्या एका दिवशी सकाळपासून अंधार पडेपर्यंत जड वाहने वळणरस्त्याने काढली, तरी कोंडी बरीच सुटेल. दिवसभर उन्हात बसणाऱ्या बायकांसाठी बाजारात स्वच्छतागृह नाही, पिण्याचे पाणी नाही. तहबाजारी, म्हणजे बाजारात बसण्याची पट्टी, मात्र प्रत्येक पालाकडून, आणि कित्येकदा पावतीशिवाय, वसूल होते. हा पैसा आधी बाजारावरच खर्च झाला पाहिजे.

येथे पाल ठोकणारे बहुतेक जण आठवड्याचे इतर दिवस वेगवेगळ्या गावांच्या बाजारांत असतात. म्हणून याबाबतची सुनावणी इतर कोणत्याही दिवशी कार्यालयात न ठेवता बाजाराच्याच दिवशी बाजारातच ठेवावी आणि तोवर जागा बदलण्याचा ठराव घेऊ नये, अशी आमची मागणी आहे.

आपला,
एक किराणा व्यापारी