‘पुरेशी सलाइन का दिली नाही?’ : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने झालेल्या एका मातामृत्यूबद्दल आम्हा ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आहे. मुद्दा क्रमांक 1: ‘रुग्णास पुरेशी सलाइन का देण्यात आली नाही?’ खुलासा मागितलाच आहे तर चारचौघांत देतो.

साहेब, सलाइन म्हणजे मिठाचे पाणी. लिटरभर शिरेत सोडले तर तासाभरात जेमतेम पाव लिटर रक्तवाहिन्यांत उरते, बाकीचे अंगात झिरपून सूज आणते. 5 टक्के डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरपाण्याचे, त्याहून वाईट, 500 मिलीतले 40 मिलीच कामी येतात. आम्ही इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रात, आरएल (रिंगर लॅक्टेट, रक्तातल्या क्षारांशी जुळणारी सलाइन) लिहिले होते, गाडीतून उतरले डेक्स्ट्रोजचे खोके. साखरपाण्याने बीपी वाढत असते तर रिकाम्या विशेषज्ञांच्या जागांवर रसवंतीवाले नेमून खात्याचा प्रश्नच मिटला असता.

आरएल का, तेही सांगतो. रक्तातले क्लोराइड (मिठातला एक घटक) लिटरमागे शंभर मिलिमोलच्या आसपास, आरएलमध्ये 109, नॉर्मल सलाइनमध्ये 154. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतल्या की रक्तस्रावाने आधीच आम्ल झालेले रक्त आणखी आम्ल होते. शिवाय ते पातळ होते, गोठवणारे घटक विरतात, खोलीच्या तापमानाच्या पाण्याने अंग गार पडते आणि गार अंगात रक्त गोठत नाही. बीपी जबरदस्तीने चढवले तर नुकती धरलेली गुठळीही सुटते. म्हणून अपघाती जखमींवरच्या उपचारांच्या एटीएलएस या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाने 2018 च्या आवृत्तीत जुना दोन लिटरचा आकडा एका लिटरवर आणला: एक लिटर कोमट द्रव, मग लगेच रक्त. नोटीस लिहिणाऱ्यांच्या कपाटात बहुधा त्याआधीचे पुस्तक असावे.

काय करायचे ते आम्हाला ठाऊक आहे. दोन्ही कोपरांपाशी 16 नंबरची जाड, करडी सुई. 22 ची बारीक, निळी लावली तर प्रवाह पाचपट मंदावतो, आणि स्टोअरमध्ये असते ती निळीच. गर्भाशय चोळणे, ते आवळणारे ऑक्सिटोसिन, आणि गुठळी विरघळू न देणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड 1 ग्रॅम दहा मिनिटांत, तेही तीन तासांच्या आत. अर्ध्या तासानंतरही रक्त थांबले नाही तर दुसरा ग्रॅम. 2017 साली वीस हजार बायकांवरच्या चाचणीत सिद्ध झालेले हे स्वस्त औषध. दर पंधरा मिनिटांच्या उशिराने त्याचा फायदा दहा टक्क्यांनी घटतो. शिरेतून द्यायच्या स्टार्चच्या द्रवाची बाटली आम्ही हातही लावत नाही, मूत्रपिंडे जातात म्हणून युरोपने 2022 मध्ये तिची विक्री थांबवली. रक्त आलेच तर ते आरएलच्या नळीतून नाही, कारण त्यातल्या कॅल्शियमने गुठळ्या होऊ शकतात. त्यासाठी नॉर्मल सलाइनची वेगळी नळी. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत घातलेले सायट्रेट शरीरातले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून चार-पाच पिशव्यांनंतर कॅल्शियम ग्लुकोनेट. पण चार-पाच पिशव्या! इथे पहिलीच पिशवी जिल्ह्याहून यायची असते, नवऱ्याने चिठ्ठी घेऊन मोटारसायकलवर जायचे आणि थर्माकोलच्या डब्यात घेऊन यायचे.

2014 साली ‘जीवन अमृत’ योजना मोठ्या थाटात सुरू झाली. 104 हा फोन नंबर फिरवा, चाळीस किलोमीटरपर्यंत तासाभरात रक्त पोचेल. ती गुंडाळली गेली, तेव्हा मात्र समारंभ झाला नाही. 2014 सालीच आलेल्या 108 च्या 937 रुग्णवाहिकांत ऑक्सिजन आहे, रक्त नाही. रक्त साठवणूक केंद्राला 2001 पासून वर्षाला दोन हजार पिशव्यांपर्यंत ब्लड बँकेचा परवानाही लागत नाही, मान्यता पुरते. लागते काय? 2 ते 6 अंशांत राहणारा, अलार्म वाजणारा फ्रिज, जनरेटरचे डिझेल आणि रात्रीही हजर असणारा एक टेक्निशियन. फ्रिज आला. बाकीचे दोन ‘प्रस्तावित’ आहेत. फ्रिजमध्ये सध्या कोणाकोणाचे डबे असतात ते विचारू नका.

रक्तसंकलनात महाराष्ट्र आघाडीवर, असे बॅनर आम्हीही वाचतो. नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात शेकडो पिशव्या गोळा होतात. पिशवीचे आयुष्य 35 ते 42 दिवस, मग उरलेल्या फेकायच्या आणि मे महिन्यात टंचाईचे आवाहन काढायचे. शिबिरे महिनाभर पसरवा, असे सांगायची छाती कोणात आहे? इथे दारात चुलते, दीर, अख्खी आळी दंड पुढे करून उभी असते, पण परवान्याशिवाय त्यांचे रक्त काढले तर आम्ही गुन्हेगार. नाही काढले तरी नोटीस आहेच. वर्ग एकचा अधिकारी एसीत बसून बाटल्या मोजतो आणि सही मात्र बंधपत्रावरच्या एमबीबीएस पोराची घेतो.

मातामृत्यूच्या चौकशीच्या, म्हणजे डेथ ऑडिटच्या, फॉर्मात एक रकाना वाढवा: रक्त मागितले किती वाजता, शिरेत गेले किती वाजता. तो भरला की नोटीस कोणाच्या नावाने काढायची हे आपल्याच खात्याला कळेल. तोवर आरएल, 16 च्या सुया आणि ट्रानेक्झॅमिक एवढे तरी पाठवा. डेक्स्ट्रोजचे खोके परत न्यायला गाडी रिकामीच जाते आहे.

आपले,
ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी