‘प्रमाणित’ म्हणून विकलेली बनावट लेस पॉल : चौथ्या फोननंतरचं तक्रार पत्र

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वापरलेली वाद्यं विभाग

विषय : ‘४२ मुद्दे तपासून प्रमाणित’ म्हणून विकलेली गिब्सन कंपनीची लेस पॉल स्टँडर्ड इलेक्ट्रिक गिटार (२००६), किंमत रु. १,६८,०००, बनावट निघाल्याबद्दल.

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी चौथ्यांदा बोलणं झालं. पाचव्यांदा बोलायची इच्छा नाही, म्हणून हे लेखी. लेस पॉल म्हणजे काय हे तुम्हाला सांगत बसत नाही. तुमचा धंदाच तो आहे, निदान तुमच्या साइटवर तरी तसं लिहिलंय.

आधी सिरियल नंबर, कारण तो बघायला स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागत नाही. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या वरच्या टोकाच्या, मागे ०४१२६३५०७ असा नंबर आहे. २००५च्या मध्यापासून गिब्सनच्या अमेरिकी कारखान्यातल्या नेहमीच्या मॉडेलांवर नऊ आकडी नंबर येऊ लागला. त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून वर्ष होतं, दुसरा ते चौथा म्हणजे वर्षातला कितवा दिवस, सहावा बॅचचा. तुमच्या गिटारवर वर्ष ०६ बरोबर येतं. दिवस येतो ४१२वा. कॅलेंडर कुठलंही घ्या, अगदी अधिक महिना धरून पंचांग काढलंत तरी ४१२वा दिवस सापडायचा नाही. (नंबर जुळला असता तरी गिटार खरी ठरली नसती. खऱ्या गिटारचा एकच नंबर उचलून शेकडो नकलांवर ठोकतात. पण नंबर मुळात अशक्यच असेल तर पुढचं काही बघायचीही गरज उरत नाही.)

आता आजचा फोन. तो सविस्तर लिहितोय, कारण तुमच्याकडे ‘गुणवत्तेसाठी’ रेकॉर्ड होत असेल तर पडताळून बघता येईल.

मी ४१२व्या दिवसाबद्दल विचारलं. उत्तर आलं, “सर, तो फॅक्टरीचा इंटर्नल कोड असतो.” मी म्हटलं, तोच कोड वाचून दाखवतोय. मग ट्रस रॉड, म्हणजे गिटारच्या नेकमधली (मानेतली) बाक सांभाळणारी धातूची सळई, तिच्या कव्हराचं सांगितलं. खऱ्या गिब्सनच्या घंटेच्या आकाराच्या कव्हराला दोन स्क्रू असतात, एक वर, एक खाली. याला तीन आहेत, वर एक आणि खाली दोन. नकली लेस पॉलची ही सगळ्यात जुनी खूण, गिटार शिकणारं पोरही ओळखेल. यावर तुमचे प्रतिनिधी क्षणभर थांबले. मला वाटलं, नोंद करून घेताहेत. मग म्हणाले, “तीन आहेत म्हणजे एक जास्तच मिळालाय ना सर?”

संयम ठेवायचा ठरवलं होतं. “मग पैसेही एक शून्य जास्त लावून घेतलेत, ते परत करा,” असं मी म्हणालो, ते रेकॉर्डिंगमध्ये असेलच. त्यावर, “सर, वाजवून बघितलीत का? आवाज येतोय ना?” आवाज येतो. आवाज पाच हजारांच्या गिटारलाही येतो.

तेच कव्हर काढलं तर आतली गोष्ट आणखी स्पष्ट होते. खऱ्या गिटारमध्ये रॉडच्या टोकाला बाहेरून पकडायचा पितळी षटकोनी नट असतो, ५/१६ इंची, म्हणजे साधारण ८ मिमी; त्याला बॉक्स पाना लागतो. इथे आत ॲलन कीचं, म्हणजे भोकात घालून फिरवायच्या षटकोनी किल्लीचं, भोक आहे. कव्हर काढायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या ४२ मुद्द्यांत ही दोन मिनिटं बसली नाहीत का?

नेकच्या मागे, हेडस्टॉक सुरू होतो तिथे, उजेडात तिरपी धरली की तिरका सांधा दिसतो. गिब्सनचा नेक आणि हेडस्टॉक महोगनीच्या एकाच तुकड्यातून निघतो, फक्त हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवलेल्या असतात. इथे हेडस्टॉक वेगळा कापून जोडलाय. लाकूड वाचवायची ही पद्धत तशी वाईट नाही, उलट मजबूत असते, पण ती या गिटारची नाही. फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, टोकांचंही तसंच. २००६च्या स्टँडर्डला बाइंडिंगचं, म्हणजे कडेच्या पट्टीचं, प्लॅस्टिक प्रत्येक फ्रेटच्या टोकावर उंचवट्यासारखं चढलेलं असतं. इथे फ्रेट सरळ बाइंडिंगवरून कापलेत. फ्रेट बदलले असतील तर असं होऊ शकतं, म्हणून एवढ्यावरून मी कुणाला नकली म्हटलं नसतं. पण फ्रेट बदलल्याचं तुमच्या वर्णनात नाही, आणि हे एकटं नाहीच.

ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) दोन्ही पोस्टांची (आधाराच्या खांबांची) डोकी जाड, वर स्क्रूड्रायव्हरची खाच. खऱ्या पोस्टा वर बारीक असतात, खाच नसते, उंची खालच्या चाकाने फिरवायची. मागचं झाकण उघडलं तर १६ मिमीचे छोटे पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग. असायला हवेत २४ मिमीचे, सीटीएस कंपनीचे. वायरवर धातूची जाळी नाही, साध्या रंगीत प्लॅस्टिकच्या वायरी. पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) निवडायचा टॉगल स्विच बंद डबीतला. खरा स्विचक्राफ्ट कंपनीचा, त्याच्या पात्या उघड्या दिसतात. नेककडच्या पिकअपच्या रिंगचे चार स्क्रू काढून कड बघितली. वरचं ‘फ्लेम मेपल’ (ज्वाळेसारख्या रेषांचं मेपल लाकूड) म्हणजे कागदाइतकं पातळ व्हेनियर, नुसता पापुद्रा. खाली मेपलचा जाड थर असायला हवा, तो नाहीच. हे कटअवेमध्ये, म्हणजे नेकजवळच्या खोलगट कापात, बाहेरूनही कळलं असतं. खऱ्या गिटारला तिथे बाइंडिंगखाली मेपलची फिकट कड दिसते, इथे ती झाकायला बाइंडिंगच रुंद केलंय.

आणि हे सगळं बघितल्याबद्दल तुमचं उत्तर काय? “झाकण उघडलं म्हणजे टॅम्परिंग झालं, रिटर्न बसत नाही.” म्हणजे न उघडता म्हणावं तर पुरावा नाही, आणि उघडून पुरावा दिला तर रिटर्न नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ४१२वा दिवस तर काहीही न उघडता दिसतो, हे पुन्हा लिहितो, कारण चारही वेळा ते कुणी लिहून घेतलं नाही.

तुमच्या जाहिरातीत पाच फोटो होते. चार समोरून, एक खोक्याचा. हेडस्टॉकची मागची बाजू, कव्हर काढलेला ट्रस रॉड, आतली वायरिंग, ब्रिजच्या पोस्टा जवळून, यातला एकही नाही. असे फोटो कुठल्याही विक्रेत्याकडे मागतातच, आणि द्यायला टाळाटाळ झाली की व्यवहार सोडतात. मी मागितले नाहीत, कारण तुमचा शिक्का होता. माझी चूक तेवढीच. पैसे गिटारचे कमी आणि त्या शिक्क्याचे जास्त मोजले होते.

हा प्रकार नवा नाही. अमेरिकेच्या कस्टमने लॉस एंजेलिसच्या बंदरांत तीन हजारांहून जास्त बनावट गिब्सन जप्त केल्याचं २०२३च्या डिसेंबरात जाहीर झालं होतं. वाद्यांच्या धंद्यातल्या कंपनीला याची खबर नसेल, हे मानायला मी तयार नाही. तुमच्याच साइटवरून मित्रांना गिटारची दोन इफेक्ट पेडल घ्यायला लावली होती, त्याचं आता वाईट वाटतं.

माझ्या मागण्या अशा : रु. १,६८,००० पूर्ण परत, गिटार नेण्याचा खर्च तुमचा, आणि या गिटारची तपासणी केलेल्या माणसाचा ४२ मुद्द्यांचा भरलेला कागद. तो कागद मला खरंच वाचायचाय.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात द्यायचं असतं. स्वतःचा माल खरा असल्याची हमी देऊन विकणाऱ्यावर त्या खरेपणाची जबाबदारीही येते, आणि बनावट माल परत घ्यायला नकार देता येत नाही. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर नोंद आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. खोट्या ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा गिब्सनलाही कळवीन. फोटो सोबत जोडलेत, चौदा.

गिटार खोक्यात भरून ठेवलीय. कव्हराचे तिन्ही स्क्रू परत लावलेत, नेताना मोजून घ्या.

– तुमचा ग्राहक (ऑर्डरची पावती सोबत)