पायाच्या जखमेवर नुसतं गॉज नको

महोदय,

माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली, त्यातली बरीचशी ड्रेसिंगच्या टेबलाशी. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यांच्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, दोन वर्षं जखम आहे. भोवतालची कातडी काळपट आणि कडक. संध्याकाळी पाय चपलेत मावत नाही. दिवसभर उभं राहून शिरांत रक्त तुंबतं, त्याची ही जखम. दवाखान्यात मिळतं काय, तर आयोडीन, गॉज आणि पुन्हा पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. वाळलेलं गॉज ओढलं की नवी धरलेली कातडीही सोबत येते!

या जखमेवर मुख्य उपाय दाबपट्टीचा: बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, घोट्याशी जास्त दाब, वर कमी होत जाणारा. मात्र आधी धमनीचा रक्तपुरवठा तपासायलाच हवा, नाहीतर धमन्या आधीच अरुंद झालेल्या तंबाखूच्या व्यसनी माणसाचा किंवा मधुमेह्याचा पाय गमवायची वेळ येईल. हातात मावणारा डॉपलर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) आणि बीपीचा पट्टा पुरतो. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं, ०.८ च्या खाली आलं तर घट्ट पट्टी न बांधता रुग्णाला पुढे पाठवायचं. मधुमेहात हा आकडा फसवा, जास्त येऊ शकतो, एवढं ध्यानात ठेवावं.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा एक डॉपलर द्यावा, पट्टी बांधायचं प्रशिक्षण परिचारिकांना द्यावं आणि खासगी डॉक्टरांनीही जखम दर आठवड्याला मोजपट्टीने मोजून केसपेपरवर लिहावी. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवावा. क्वचित तिथे कर्करोगही निघतो.

– एक निवृत्त परिचारिका, कराड