दुसऱ्या माळ्यावरच्या ताईंच्या उपचारासाठी मदतीचे आवाहन

चाळीतील आजी-माजी रहिवासी आणि मंडळाचे हितचिंतक यांस सप्रेम नमस्कार.

ज्यांच्या पोळी-भाजीच्या डब्यावर लालबाग-परळमधल्या कितीतरी जणांची दुपार भागली, त्या आपल्या ताईंना आज दोन जिने एका दमात चढवत नाहीत. जिन्याच्या वळणावरचं निळं स्टूल त्यांच्यासाठी ठेवलंय. पोरांनी ते स्टंप म्हणून पळवू नये.

लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने त्यांच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे रक्त मागे फिरू न देणारी झडप, खराब झाला होता. तो काढून धातूचा बसवला. ‘ऑपरेशन फसलं’ ही गॅलरीतली कुजबुज आता थांबवा. व्हॉल्व्हची उघडझाप व्यवस्थित आहे. तो जिथे शिवलाय तिथले काही टाके सुटून कडेला फट पडली आहे. मूळच्या जागी कॅल्शियम साचलेलं असलं की टाके नीट धरत नाहीत. पावसाळ्यात खिडकी घट्ट लावली तरी चौकटीच्या कडेने पाणी येतं, तसं रक्त मागे गळतं. त्याने धाप लागते. शिवाय त्या चिंचोळ्या फटीतून जोरात जाताना तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रक्त चढवलं तरी हिमोग्लोबिन पुन्हा उतरतं.

छाती दुसऱ्यांदा उघडणं जास्त जोखमीचं. त्यामुळे डॉक्टर आधी मांडीतल्या शिरेतून नळी नेऊन प्लगने फट बुजवून पाहणार आहेत. नाहीच जमलं तर पुन्हा ऑपरेशन.

महात्मा फुले योजनेसाठी कागदपत्रं दिली आहेत. हॉस्पिटलचा लेखी अंदाज कार्यालयाच्या फळ्यावर लावलाय, वाचून मगच पैसे द्या. चेक शक्यतो थेट हॉस्पिटलच्या नावाने काढा. रोख रक्कम संध्याकाळी साडेसातनंतर खजिनदारांकडे, पावती घेऊनच. यंदाच्या रोषणाईचा खर्च मंडळाने आधीच इकडे वळवला आहे. त्यावर नाराज असलेल्यांनी सभेत बोलावं, जिन्यात नको.

रक्तदातेही हवेत. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि स्त्रियांचे १२० दिवस झालेले असावेत. गट कोणताही चालेल, नाव नोंदवून ठेवा.

आणि हात जोडून एक विनंती: काढे, चूर्णं नेऊन देऊ नका. त्या रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात आणि अशा गोष्टींनी तिचं प्रमाण बिघडतं. त्यापेक्षा हॉस्पिटलात रात्री सोबतीला कोण थांबणार, ते रविवारपर्यंत चिटणिसांना कळवा.