एअरफ्लो सेन्सर धुवा, पण पुसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाडीचे मायलेज उतरले, पिकअप बसला, इंजिनचा दिवा लागला, की ‘मास एअरफ्लो सेन्सर धुऊन टाक, हाताशी असेल तो स्प्रे मार’ असा सल्ला सर्रास दिला जातो. इंजिनात जाणारी हवा मोजणारा हा सेन्सर धुणे हे घरी सहज जमणारे काम आहे, त्यात वावगे काही नाही. पण ‘हाताशी असेल तो स्प्रे’ या तीन-चार शब्दांपायी चांगले सेन्सर कायमचे निकामी होतात, म्हणून हे पत्र.

हा सेन्सर एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधल्या नळीत बसतो. आत केसाइतकी बारीक प्लॅटिनमची तार किंवा पातळ फिल्म असते आणि ती येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेली असते. हवा जास्त वाहिली की तार थंड होऊ लागते, ती तितकीच गरम ठेवायला जास्त करंट लागतो आणि त्यावरून किती ग्रॅम हवा आत गेली ते ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळते. तारेवर धूळ आणि तेलाचे किटण बसले की वाहत्या हवेचा गारवा तारेपर्यंत नीट पोचत नाही. हवा कमी मोजली जाते, तेवढ्या हिशेबाने पेट्रोलही कमी सुटते आणि गाडी ॲक्सिलरेटर दाबताच अडखळते.

स्प्रे आणण्याआधी आपल्या गाडीत हा सेन्सर आहे का, ते पाहावे. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत तो नसतोच. तिथे इनटेक मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांवरच्या, मॅप सेन्सरवर (हवेचा दाब मोजणारा) काम चालते. गाडीला जोडायचा स्कॅनर मिळाला तर ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचावा. पी०१०१ म्हणजे सेन्सरचे माप अपेक्षेशी जुळत नाही. इथे धुण्याचा उपयोग होण्याची शक्यता बरीच. पी०१०२ आणि पी०१०३ म्हणजे सिग्नल फार कमी किंवा फार जास्त. तेव्हा आधी कनेक्टर आणि वायरिंग बघावे. पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हा कोड तर सेन्सर स्वच्छ असतानाही येतो. सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामधल्या रबरी नळीला घडीत चीर गेली असेल, तर न मोजलेली हवा तिथून आत शिरते. नळी हाताने वाकवून प्रत्येक घडी उघडून पाहावी. सरळ असताना ही चीर दिसत नाही.

आता धुणे. इंजिन पूर्ण थंड, इग्निशन बंद. सेन्सरवरची आणि आजूबाजूची धूळ आधी फडक्याने काढावी, नाहीतर ती नळीत पडते. कनेक्टरची खिट्टी दाबून तो सोडवावा, वायर धरून ओढू नये. बहुतेक ठिकाणी दोन स्क्रू असतात, साधे किंवा टी-२० टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे). मध्ये बारीक खुंटी दिसली तर टोकाला भोक असलेला टॉर्क्स लागतो. सेन्सर सरळ वर काढावा, तिरपा करू नये. ओ-रिंग (सेन्सरभोवतीची रबरी कडी) चिरलेली असेल तर बदलावी.

स्प्रे फक्त मास एअरफ्लो सेन्सरसाठीचाच घ्यावा. तो झटकन उडून जातो आणि मागे थर ठेवत नाही. कार्बोरेटर क्लीनर आणि ब्रेक क्लीनर प्लॅस्टिक व सेन्सरवरचा लेप खराब करू शकतात. दहा-पंधरा सेंटिमीटरवरून, तारेवर आणि फिल्मवर सगळ्या बाजूंनी मिळून दहा-पंधरा छोटे फवारे मारावेत. तिथेच एका पायावर बारीक मणी दिसतो, तो हवेचे तापमान मोजतो; त्यावरही फवारा द्यावा. बोट, कापूस, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा यांतले काहीही तारेला लागता कामा नये. डाग दिसला की पुसावासा वाटतो आणि तार तुटते ती तिथेच. डाग राहिलाच तर पुन्हा फवारा मारावा.

मग सेन्सर निदान अर्धा तास आपोआप वाळू द्यावा. स्प्रे ज्वालाग्राही असतो, त्यामुळे ओला सेन्सर जोडून इग्निशन लावू नये. काम मोकळ्या हवेत करावे. बसवताना प्रवाहाचा बाण इंजिनकडे असावा. स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जातात, हाताला लागले की थांबावे. जोर केला तर आटे जातात.

कोड पुसून गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला रीडिंग बघावे. लहान चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात ते साधारण सेकंदाला २ ते ४ ग्रॅम येते. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली कमी-जास्त, दहा टक्क्यांच्या पलीकडेच राहिली, तर पुन:पुन्हा धुण्यात अर्थ नाही. गळती शोधावी किंवा सेन्सर बदलावा. आणि किटण पुन्हा पुन्हा बसत असेल तर एअर फिल्टर तपासावा. तेल लावून वापरायच्या फिल्टरला तेल जास्त झाले तर ते थेट तारेवर येऊन बसते.

काही कंपन्या फिल्म प्रकारचा सेन्सर धुऊच नका असे सांगतात. गाडीत कोणता सेन्सर आहे, तो धुवायचा की नाही आणि कोणता स्प्रे चालतो, हे वाहन कंपन्यांनी मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत दोन ओळींत स्पष्ट छापावे, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपला,
एक मोटार मेकॅनिक