शीड आपल्या किनाऱ्याचं हवं

मालवण,
दिवाळी पाडवा

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पाहुण्यांच्या चारही खोल्यांत शिडाची नौका मांडायची आणि निघताना पाहुण्यांच्या हाती एक लहान नौका द्यायची, हा तुझा बेत मनापासून आवडला. पण तू फोटो पाठवलास ती घेऊ नकोस. सरळसोट डोलकाठी आणि पांढरी दोन त्रिकोणी शिडं, म्हणजे ती शर्यतीची यॉट झाली. देखणी आहे, पण देवबागच्या घरात पाहुण्यासारखीच दिसेल.

आपली फत्तेमारी, आपला मचवा लांबून ओळखू येतो. डोलकाठी पुढे नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, झुकलेली असते. तिच्यावर तिरकी परबाण, म्हणजे शीड बांधायची काठी. ती डोलकाठीहूनही लांब, पुढचं टोक खाली नाळेजवळ आणि मागचं वर आभाळात. शीड पुरतं त्रिकोणी नसतं, पुढचा कोपरा छाटलेला असतो. विकाऊ नौकांत डोलकाठी सरळ असते, कारण सरळ भोक पाडणं सोपं. सुताराला सांग, भोक पुढे दहाएक अंश कलतं पाड. एवढ्यानेच नौका आपली वाटायला लागते. आणि नौकेसोबतच्या कार्डावर सरसकट ‘गलबत’ लिहू नकोस. आंग्र्यांच्या आरमारातली गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, गलबत लहान, वल्ह्यांवरही चालणारं, फत्तेमारी मालाची. जी नौका असेल तिचंच नाव लिही.

प्रमाण १:५० धर. पन्नास फुटी फत्तेमारी मग साधारण ३० सेंमी होते, खोलीतल्या फळीला बेताची. प्रमाण एकदा ठरलं की बाकीचं आपोआप ठरतं. इंचभर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा होतो. बाजारातल्या नौकांना २ मिमीची सुतळी लावलेली असते, म्हणजे खऱ्या नौकेवर दहा सेंमी जाडीचा दोर! नौका खेळण्यासारखी का दिसते, याचं उत्तर बहुतेक वेळा त्या सुतळीत सापडतं.

शिडाला कोरी मलमल घे. आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन खळ काढून टाक. खळ राहिली की पावसात बुरशी धरते आणि कसर लागते. जुनं दिसावं म्हणून चहात बुडवतात, ते करू नकोस. चहाच्या आम्लाने कापड काही वर्षांत विरतं. कोऱ्या मलमलीचा मूळ पिवळट रंगच पुरे. शिडाच्या पट्ट्यांचे जोड मशीनवर शिवायचे नाहीत, कारण २ मिमीचा टाका या प्रमाणात दहा सेंमीचा होतो. कडक शिसपेन्सिलीने दर सेंमीला बारीक रेघ ओढली की झालं. कापायच्या रेषेवर फेविकॉल एकास तीन पाण्यात पातळ करून लाव, सुकू दे आणि मगच कात्री चालव. धागे सुटत नाहीत. मग पालथ्या पातेल्यावर प्लास्टिक पसर, शीड त्याच पातळ फेविकॉलमध्ये ओलं करून त्यावर टाक आणि सुकव. वारा भरल्याचा पोट असलेला आकार येतो. सपाट शीड ताणून बांधलं की दोरीवर वाळत घातलेल्या पंच्यासारखं दिसतं.

सांगाड्याला शिवणीचं लाकूड किंवा जुनं, मुरलेलं सागवान. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची होत आली; लाकूड हलकं, कोरायला सोपं, पण त्याला भुंगा लवकर लागतो, म्हणून ते फक्त छोट्या भेटींना वापर आणि सगळीकडून नीट बंद कर. लोखंडी खिळा एकही नको. खारी हवा त्याला गंजवते आणि सागवानावर काळा डाग पडतो. पितळी खिळे, तेही आधी बारीक भोक पाडून, नाहीतर पातळ फळी चिरते. परबाणीला बांबूची चीप उत्तम, खऱ्यासारखी किंचित वाकते.

पॉलिश आतून-बाहेरून आणि नौका ज्यावर उभी राहते त्या बैठकीच्या तळालाही हवं. फक्त बाहेरून केलं की आतल्या बाजूने दमट हवा शिरते, एकच बाजू फुगते आणि फळी वाकते. लाखेचं स्पिरिट पॉलिश पावसाळ्यात पांढरं पडतं. त्याऐवजी मॅट पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात दे. जोडकाम आत्ता, दिवाळीनंतर करून घे. भर पावसात जोडलेल्या फळ्या हवा कोरडी झाली की आकसतात आणि भेगा दिसतात.

दोऱ्या पॉलिस्टरच्या धाग्याच्या, आणि बोट लावलं तर किंचित हलतील इतक्याच ताणलेल्या. सुती दोरा भिजला की आखडतो. मे महिन्यात घट्ट बांधलेला तणावा जुलैत डोलकाठी वाकवतो, आणि नंतर सुकून लोंबत राहतो.

खरी काळजी आहे ती पावसाळ्यात बंद राहणाऱ्या खोल्यांची. उघडीप मिळेल तेव्हा खिडक्या उघडत जा. एसीच्या झोताखाली नौका ठेवू नकोस, दुपारचं ऊन येतं तिथेही नको. काचेची पेटी करणार असलीस तर बूड एमडीएफचं किंवा ताज्या प्लायचं नको. त्यांतून निघणारी आम्लाची वाफ पेटीत कोंडते आणि शिशाच्या लहान तोफा पांढऱ्या भुकटीसारख्या होतात. तोफा पितळेच्याच घे आणि पेटीच्या मागच्या बाजूला दोन बारीक भोकं ठेव. धूळ मऊ ब्रशने झटक, ओलं फडकं लावू नकोस.

भेटीच्या नौका गाडीतून आणि विमानातून जाणार. परबाण खाली उतरवून, नौकेला समांतर बांधून दे. खऱ्या नौकेवरही ती उतरवतातच. नौका बैठकीला खालून दोन स्क्रूंनी पक्की कर आणि बैठक खोक्याला. डोलकाठीच्या आसपास कागद किंवा थर्माकोल कोंबायचा नाही. दाब तिथेच येतो आणि ती तिथेच मोडते. चारी बाजूंना आणि वर पाच सेंमी मोकळी जागा राहू दे. सोबतच्या कार्डावर परबाण परत कशी चढवायची ते चित्र काढून दे.

सुताराकडे जाण्याआधी मला नौकांची मापं कळव, डोलकाठीच्या भोकाचा साचा मी इथून करून पाठवतो.

तुझे
बाबा