आवारातल्या भाजीची माती आधी तपासा

मा. संपादक, स. न. वि. वि.

परळ-लालबागच्या जुन्या चाळींच्या आवारात आणि पुनर्विकसित सोसायट्यांच्या भरावावर अलीकडे हौसेने पालक, माठ, मेथी लावली जाते. ही हौस वाढावी असेच मला वाटते. पण त्या मातीत काय आहे हे कोणी पाहत नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून आली, तरी त्याआधी मातीत उतरलेले शिसे तिथेच आहे, कारण ते कुजत नाही आणि सहसा पावसाने खोल झिरपतही नाही.

शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी माती तपासणी अहवालातील, म्हणजे मृदा आरोग्य पत्रिकेतील, बारा घटकांत सामू (पीएच, म्हणजे मातीची आम्लता-अल्कता), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश, जस्त, लोह वगैरे येतात. शिसे आणि कॅडमियम हे विषारी धातू येत नाहीत. मात्र त्या बारा घटकांचाही येथे उपयोग आहे. जस्त कमी असले की रोप कॅडमियम अधिक ओढते. सामू साडेसहा-सातच्या आसपास असला आणि कंपोस्ट भरपूर असले, तर शिसे मातीच्या कणांना धरून राहते. स्फुरदाशी त्याचे जवळजवळ न विरघळणारे संयुगही बनते. धातू नाहीसा होत नाही, पण भाजीत कमी उतरतो.

मात्र माती न तपासता सामू वाढवायला सरसकट चुना किंवा स्फुरदासाठी फॉस्फेट घालण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. राडारोड्याच्या भरावात सिमेंटचे पांढरट खडे हाताला लागतात आणि लिंबू पिळले की माती फसफसते. अशी माती आधीच अल्कधर्मी असते, तिला आणखी चुना दिला तर लोह मिळेनासे होऊन शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. आर्सेनिक असेल, तर स्फुरदामुळे ते उलट मोकळे होऊ शकते. मोहरी, सूर्यफूल काही धातू शोषतात, पण त्याला वर्षे लागतात, आणि ती रोपे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येत नाहीत, नाहीतर धातू पुन्हा मातीतच येतो.

तेव्हा कृषी विभागाने आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळांत शिसे, कॅडमियम व आर्सेनिकची तपासणी माफक शुल्कात शहरवासीयांनाही उपलब्ध करावी आणि महापालिकेने प्रभाग कार्यालयांत नमुने स्वीकारावेत, ही कळकळीची विनंती. तोवर पालेभाज्या व मुळा स्वच्छ माती आणून कुंड्यांत लावावेत. रंगाचे पोपडे पडलेल्या भिंतीलगत फुलझाडेच बरी.

– एक वाचक, परळ, मुंबई